डुकरासाठी आमिष लावलं तं चालते का?

भाऊ, तुमचे तसे तीन प्रश्न आहेत. एक, चंद्रपूरच्या सिंदेवाहीकडं तुमचं धानाचं वावर जंगलाला लागून आहे, रानडुकरं बांध्याच्या बांध्या लोळवून टाकतात, म्हणून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, मका नाही तं मोहफूल-गूळ टाकायचं, चारआठ दिवस डुकराला तिथं यायची सवय लावायची आणि मग परवानावाल्या पाहुण्याला बोलावून मारायचं, हे चालते का. दुसरा, फॉरेस्टवाले स्वतः वाघासाठी बोकड बांधतात ते कसं काय चालते. आणि तिसरा तुमच्या पुण्याच्या मित्राचा, की अमेरिकेत अस्वलाला डोनट ठेवून मारतात आणि ते कायदेशीर आहे, मग आपल्याकडंच एवढा बाऊ कशाला. माझी सगळी नोकरी फॉरेस्टातच गेली, वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून रिटायर झालो, मधली बरीच वर्षं वाघ-बिबट पकडायच्या टीमसोबत होतो, म्हणजे आमिष बांधायचं काम या हातांनी केलेलं आहे. तं सांगतो, पण जरा लांबण लागेल.

आधी कायदा, कारण इथंच लोकांचा घोळ होते. लोकांना वाटते बंदूक वाजली, जनावर पडलं, तेव्हा शिकार झाली. तसं नाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्याचं कलम २, पोटकलम १६ काढून वाचा. शिकारीच्या व्याख्येत मारणं आणि विष घालणं तं आहेच, पण पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाका घालणं (आरडाओरडा करून जनावर हाकत आणणं) आणि आमिष लावणं हेही त्यातच आहे, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच. म्हणजे तुम्ही धुऱ्यावर मका टाकला, डुक्कर यायच्या आधीच बीटगार्डनं (तुमच्या भागाच्या वनरक्षकानं) पाहिलं, आणि मका डुक्कर मारायसाठीच टाकला हे त्याला दाखवता आलं, तं केस होऊ शकते. एकही गोळी न सुटता. गीरमध्ये काही लोकांनी जिवंत कोंबडी दाखवून सिंहिणीला खेळवलं होतं, तो व्हिडिओ २०१८ मध्ये सगळीकडं फिरला, सिंहिणीच्या केसालाही कोणी धक्का लावला नव्हता, तरी शिकारीच्या कलमाखाली केस झाली आणि शिक्षाही झाल्या.

आता तुम्ही म्हणाल डुकराची तं परवानगी मिळते. मिळते, खरं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे, आणि त्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं असेल तं कलम ११ खाली त्याला मारायची परवानगी देता येते, मालमत्तेत उभं पीकही येते असं कायद्यातच लिहिलं आहे. महाराष्ट्रात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यासाठी २०१५ चा शासन निर्णय आहे, आपल्याकडं अर्ज आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, यांच्या ऑफिसला जाते. पण ती परवानगी अमुक वावरात, अमुक मुदतीत, परवानाधारक बंदुकीनं, पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची असते. पत्रात आमिषाबद्दल काही लिहिलं नसेल तं "मना केलं नाही म्हणजे चालते" असा अर्थ काढू नका. तुम्ही जनावराला बोलावून आणलं की ते नुकसान करायला आलं होतं हेच म्हणता येत नाही, परवानगीचा पायाच गेला. शिवाय मारलेलं डुक्कर कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता असते, ते घरी नेऊन शिजवता येत नाही. परवानगी खरी, बंदूक खरी, डुक्कर वावरातच मारलेलं, आणि माणूस सापडला ते वाटे पाडताना, अशा केसेस आमच्याकडं यायच्या. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाघ, बिबट, अस्वल असं अनुसूची १ चं जनावर असेल तं कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७.

आणि हे अस्वल मी उगाच नाही काढलं. तुम्ही मोहफूल टाकायचं म्हणता. मोहावर डुक्कर येते हे बरोबर आहे, पण मोहावर अस्वल त्याच्याहून जास्त येते हे तुमच्या आजीलाही माहीत असेल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला बाया जातात तेव्हा अस्वलाचे जे हल्ले होतात ते कशामुळं, दोघंही एकाच झाडाखाली एकाच वेळी येतात म्हणून. तुम्ही ते मोहफूल झाडाखालून उचलून तुमच्या धुऱ्यावर आणून ठेवणार, म्हणजे अस्वलाचा जंगलातला अड्डा वावरात आणणार, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिथून शेजारची बाई निंदायला जाणार.

माझं सगळं म्हणणं इथंच आहे बघा. बंदूक ज्याच्यावर धरली त्यालाच लागते, निदान लागायला पाहिजे, पण आमिष कोण खाईल हे ठेवणाऱ्याच्या हातात नसते. जो ठेवते तो घरी जाऊन झोपते आणि रात्रभर जे येईल ते खाते. गावठी बॉम्बचं घ्या, तुम्ही ते करणार नाही हे माहीत आहे पण आपल्या भागात होते म्हणून सांगतो, कणकेच्या नाही तं चरबीच्या गोळ्यात बारूद भरून डुकराच्या वाटेवर ठेवतात, डुक्कर चावलं की जबडा फुटते. तो गोळा डुक्करच चावते असं कुठं लिहिलं आहे? गाय चावते, कुत्रं उचलून गावात आणते, पोरगं हातात घेऊन पाहते. केरळात २०२० मध्ये गाभण हत्तीण मेली ती अशानंच, बारूद भरलेलं फळ डुकरासाठी होतं, खाल्लं तिनं, जबडा फुटलेल्या अवस्थेत नदीत जाऊन उभी राहिली आणि तिथंच मेली. विषाचंही तेच. वाघानं ढोर मारलं की रागाच्या भरात त्या मढ्यावर थिमेट (पिकावरचं विषारी औषध) टाकणारे लोक आहेत, म्हणजे वाघाचीच शिकार त्याच्यासाठी आमिष करायची. २०२१ च्या नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिची पिल्लं मेलेली सापडली ती याच पायी. वाघीण एकटी येत नाही भाऊ, पिल्लं घेऊन येते, आणि तिच्यानंतर कोल्हे, मुंगूस, गिधाड उरलं असेल तं गिधाड, सगळे त्याच मढ्यावर. जिवंत तारेचं वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडं श्रीनिवास वाघ तारेला चिकटून मेला आणि वावरातच पुरला होता, तो उमरेडच्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा. तार कोणी वाघासाठी लावली नव्हती.

आता समजा तुमचा पाहुणा चांगला नेमबाज आहे, बॉम्ब नाही, विष नाही, नुसता मका आणि बंदूक. तरी मी नको म्हणतो, आणि याचं कारण कायद्याहून वेगळं आहे. डुक्कर लय हुशार जनावर आहे, एकटं नसते, मादी-पिल्लांचा कळप असते. आठ दिवस फुकट मका खाल्ला की कळपाला तुमचं वावर पाठ होते. तुम्ही एक मारलं, फार तं दोन, बाकीचे पांगतात आणि आठ दिवसांनी परत येतात कारण इथं खायला मिळते हे त्यांना कळलेलं आहे, मका संपला तं धान आहेच. म्हणजे ज्या वावरातून डुक्कर हाकलायचं तिथंच तुम्ही त्याची पंगत मांडली. आणि जिथं डुकराचा कळप रोज ठरलेल्या वेळी येते तिथं वाघ येते. तुमच्याकडं वाघ किती आहेत हे मी सांगायची गरज नाही. तुम्ही रात्री मांडवावर बसणार डुकरासाठी, आणि पहाटे खाली उतरताना खाली कोण बसलेलं असेल याचा भरवसा नाही. काळोखात झुडपामागं हललं म्हणून बार टाकला आणि डुकराच्या जागी जागलीला आलेला शेजारी निघाला, असंही होते. कलम ११ मध्ये स्वसंरक्षणात जनावर मारलं तं गुन्हा नाही असं आहे, बरोबर, पण त्याच कलमात हेही आहे की तुम्ही कायदा मोडत असताना ती वेळ आली असेल तं ती सूट मिळत नाही. बिनपरवाना आमिष लावून बसलात, वाघ आला, गोळी झाडली, तं मग "जीव वाचवायला मारला" म्हणता येणार नाही.

जुने लोक म्हणतात पूर्वी तं वाघासाठी सर्रास हेला (रेडा) बांधायचे. बांधायचेच. आपलं नागपूर त्या धंद्याचं मोठं ठिकाण होतं, विद्याचरण शुक्ल, पुढं केंद्रात मंत्री झाले ते, त्यांनी तरुणपणी नागपुरात ॲल्विन कूपर नावाची शिकार कंपनी काढली होती, परदेशी साहेब यायचे, गावातले लोक हाका घालायचे, नाही तं हेला बांधून त्याचा गारा झाला, म्हणजे वाघानं तो मारला, की साहेब मचाणावर बसायचा. पण त्याही काळात सगळं मोकळं नव्हतं. १९७२ चा कायदा आला तेव्हा परवान्यानं शिकार चालू होती, आणि त्या वेळच्या कलम १७ मध्ये शिकाऱ्यावर बंधनं होती, गाडीतून मारायचं नाही, विष-स्फोटक-फास नाही, रात्री मारायचं नाही, आणि चाटणीवर (जनावरं मीठ चाटायला येतात ती जागा) किंवा पाणवठ्यावर किंवा तिथं जायच्या वाटेवर जनावर मारायचं नाही. मांसाहारी जनावरासाठी मात्र गाऱ्यावर रात्री, लाइट वापरून बसायची सूट होती. (१९९१ च्या दुरुस्तीत ही परवाना पद्धतच गेली, त्यामुळं आता ते कलमही नाही.) मला यात इंटरेस्टिंग हे वाटते की त्यांनी पाणी आणि मीठ वेगळं काढलं. उन्हाळ्यात एकाच बोडीवर (लहान तळ्यावर) दहा कोसांतलं जनावर येते, त्याला न येऊन चालत नाही. तहानेवर टपून बसणं हे त्या शिकारी लोकांनाही खपत नव्हतं, ज्यांना बाकी मारण्याबद्दल काही वाटत नव्हतं. आजही मे महिन्यात पाणवठ्याच्या वाटेवर फासे सापडतात, आणि मला विचाराल तं सगळ्यात हलकट प्रकार तोच.

गाऱ्यावर बसायची सूट का होती यालाही कारण होतं, आणि ते कारण आमिषाच्या बाजूचं आहे म्हणून सांगितलंच पाहिजे. आमिषावर आलेलं जनावर जवळ असते, थांबलेलं असते, बाजू देऊन उभं असते. नर की मादी, सोबत पिल्लं आहेत का, हे पाहायला वेळ मिळते, आणि गोळी जिथं लागायला पाहिजे तिथं लागते. हाक्यात धावत्या वाघावर घाईत बार टाकला की अर्धे वाघ जखमी होऊन जायचे, आणि जखमी वाघ पुढं कोणाच्या नशिबी यायचा ते गुराख्याला विचारा. म्हणून "आमिष लावणं म्हणजे मर्दानगी नाही" वगैरे जे लोक बोलतात ते मला पटत नाही, मर्दानगीचा इथं संबंधच नाही. जनावर हाल न होता पडलं का आणि जे पडायला पाहिजे तेच पडलं का, मी एवढंच पाहतो.

आता फॉरेस्टवाल्यांचा बोकड. हल्ले करणारा वाघ पकडायचा असते तेव्हा आधी कॅमेरे लावून पट्ट्यांवरून तोच वाघ आहे हे ठरवतात, प्रधान मुख्य वनसंरक्षक, म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षक, यांचा लेखी आदेश असते, राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाची ठरलेली कार्यपद्धती आहे तिच्याप्रमाणं चालावं लागते, आणि पहिला प्रयत्न जिवंत पकडायचाच. पिंजऱ्यात बोकड ठेवतो तो जाळीच्या वेगळ्या खणात असते, बिबट आत शिरला, दार पडलं तरी बोकड वाचते, बिचारा घाबरून अर्धा झालेला असते ते सोडा. बिबट पिंजऱ्यात पटकन जाते. वाघ सहसा जात नाही, पिंजऱ्याभोवती फिरून निघून जाते, म्हणून वाघासाठी मोकळ्यात जनावर बांधतात, वाघ मारते, थोडं खाते, आणि परत खायला येते तेव्हा मचाणावरून किंवा गाडीतून पशुवैद्यक डार्ट (बेशुद्धीच्या औषधाची सुई) मारते, झायलाझिन-केटामाइनचं मिश्रण असते, पाचदहा मिनिटं तं लागतातच चढायला. ही पाचदहा मिनिटं म्हणजे टीमचा जीव टांगणीला, कारण वाघ उठून झुडपात गेला आणि तिथं पाण्यात तोंड घालून बेशुद्ध पडला तं मेलाच. जागा निवडताना जवळ नाला नको, विहीर नको, हे म्हणूनच पाहावं लागते, आणि गावातले शे-दोनशे लोक मोबाइल घेऊन मागं उभे असतात ते वेगळंच.

तं या बांधण्यात आणि तुमच्या मक्यात फरक काय? आमच्या आमिषाजवळ रात्रभर माणूस जागा असते आणि भलतं जनावर आलं तं आम्ही काहीच करत नाही, ते खाऊन जाते. तरी मी हे काम पवित्र आहे असं म्हणत नाही. पांढरकवडा-राळेगावकडची टी-१ वाघीण, अवनी म्हणून जी गाजली, तिच्यासाठी काय काय नाही केलं, बोकड बांधले, घोडे बांधले, वाघिणीचं मूत्र शिंपडलं, एका परदेशी कंपनीचं अत्तर मारलं, आणि शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीनं मेली, पशुवैद्यक सोबत नव्हता, आणि नंतर व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीनं कार्यपद्धती पाळली नाही असाच अहवाल दिला. तेरा माणसांच्या मृत्यूचं नाव तिच्यावर होतं, तिकडचे लोक वर्षभर वावरात जायला घाबरत होते, त्यांना नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. पण आदेश आहे म्हणून आमिषाच्या शेवटी काहीही केलेलं चालते असं नाही, हे तिथं दिसलं.

आणि जनावर बांधून वाघ दाखवणं, टुरिस्टसाठी, हे तं पूर्ण बंद आहे. एके काळी देशात काही ठिकाणी हेला बांधून पाहुण्यांना वाघ दाखवायचे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आता चक्क तेच शब्द आहेत, करमणुकीसाठी वाघाच्या किंवा दुसऱ्या अभयारण्यात जनावर आमिष म्हणून बांधणं गुन्हा. रिसॉर्टवाल्यांनी अभयारण्याभोवतीच्या बफर पट्ट्यात कोंबडीचे तुकडे टाकून बिबट "दाखवायचा" प्रकार केला तं त्याला वन्यजीव कायदा आहेच.

तुमच्या मित्राला अमेरिकेचं अर्धंच माहीत आहे. तिथं राज्याराज्याचा कायदा वेगळा. मेन, आयडाहो, अलास्का अशा राज्यांत अस्वलाला आमिष लावता येते, डोनट खरंच ठेवतात. पण कोलोरॅडोनं १९९२ मध्ये, ओरेगॉननं १९९४ मध्ये, वॉशिंग्टन राज्यानं १९९६ मध्ये लोकांचं मतदान घेऊन ते बंद केलं, आणि मेनमध्ये २००४ आणि २०१४ ला दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा आमिषवाले जिंकले. बदकं-हंस अशा स्थलांतरित पक्ष्यांना दाणे टाकून मारणं तं १९३५ पासून अख्ख्या देशात बंद. आणि हरणांसाठी मका टाकण्यावर अनेक ठिकाणी बंदी आली ती दयेपोटी नाही, एका ढिगावर तोंडाला तोंड लावून खाल्लं की रोग पसरते म्हणून. आफ्रिकेत झाडाला मांस टांगून बिबट मारतात, परवान्यानं, आणि तिथंच २०१५ मध्ये झिंबाब्वेचा सेसिल सिंह संरक्षित क्षेत्राबाहेर आमिषावर मारला गेला तेव्हा जगभर केवढा गोंधळ झाला. म्हणजे ज्यांच्याकडं शिकार कायदेशीर आहे त्यांच्यातही यावर एकमत नाही, आणि त्यांच्याकडं अस्वलाच्या जंगलात मोह वेचणाऱ्या बाया नसतात, हा मुद्दा मित्राला नक्की सांगा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगतो. आपल्या गावांत न ठरवता लावलेलं आमिष ठरवून लावलेल्यापेक्षा जास्त आहे. मेलेलं ढोर नाल्यात फेकणं, चिकनवाल्यानं पिसं-आतडी गावाच्या टोकाला टाकणं, त्यावर कुत्री जमणं, कुत्र्यांवर बिबट येणं. त्याला कलम लागत नाही कारण हेतू नाही, पण बिबटाला हेतू कळत नाही. तुमच्या गावात ढोर मेलं तं खोल पुरा, ग्रामपंचायतीला जागा ठरवायला लावा. मात्र वाघानं मारलेलं असेल तं पंचनामा होईपर्यंत हलवू नका, नाही तं नुकसानभरपाई अडकते, आणि त्या मढ्याजवळ रात्री पाहायला म्हणून जाऊ नका.

डुकराचं करायचं काय, तं असं करा. पीक पोटरीत यायच्या आधीच सौर कुंपण लावा, त्याचा झटका बसते पण जीव जात नाही, वन विभागाच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते, तीनचार शेतकऱ्यांनी मिळून एक पट्टा केला तं खर्च पुष्कळ कमी येते. बॅटरी आणि खालची तार गवताला टेकते का हे रोज पाहावं लागते, लोक लावतात आणि मग पाहतच नाहीत. त्यानंही नाही भागलं तं सातबारा, नुकसानीचे तारीख दिसणारे फोटो आणि साधा अर्ज घेऊन आरएफओ ऑफिसला जा, अर्जाच्या कॉपीवर शिक्का-तारीख घ्या. पीक नुकसानीचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्या, परवानगीच्या अर्जात दोन्ही कोंबू नका. परवानगी आली तं पत्रावरची मुदत आणि सर्व्हे नंबर पाहुण्याला आधी वाचून दाखवा, बीटगार्डला फोन करून दिवस सांगा, आणि शक्यतो संध्याकाळी उजेड असताना, मागं वस्ती नाही अशा दिशेनं. कोणी तार टाकताना किंवा गोळे ठेवताना दिसलं तं वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा. आणि तो मका घरच्या कोंबड्यांना टाका.